गाण्यांखालचा आवाज

माझे पती कारंज्यात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचे. इतक्या लग्नांना हजर राहूनही ते एकाही व्हिडिओत दिसत नाहीत. आवाज मात्र यायचा : "नवरदेव, मान वर. मामाजी, मधातून सरका." मग ते स्वतःच तो आवाज काढून टाकत आणि त्या जागी सिनेमातलं गाणं बसवत. लोकांकडे गाणी जात. मूळ चित्रण दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडलेल्या चार डिस्कच्या डब्यात राही.

त्या डब्याचा त्यांना अभिमान होता. "यातली एक मेली तरी बाकीच्या तिघी सांभाळून घेतात, काईच जात नाई," असं ते गिऱ्हाइकांना सांगत.

ते गेले. काही महिन्यांनी डब्यावर लाल दिवा लागला. एक डिस्क मेली होती आणि बाकीच्या तिघी खरोखरच सांभाळत होत्या. मरणाची सोय डब्यात केलेली होती. नातेवाइकांच्या मदतीची नव्हती.

धाकटे दीर, तेही शूटिंगच करतात, नवी डिस्क घेऊन आले. "वहिनी, तुमी टेन्शन नोका घेऊ." मेलेली काढून नवी बसवायची, पुढचं डब्यानेच केलं असतं. पण आत धूळ दिसली. दिरांनी चारही डिस्क काढल्या, फडक्याने पुसल्या आणि परत लावल्या. कोणती कुठे होती हे कोण लक्षात ठेवतं? डब्याला आपल्याच डिस्क ओळखू येईनात. पडद्यावर सूचना आली, की डिस्क वापरण्याआधी तयार कराव्या लागतील, त्यांवरची सर्व माहिती पुसली जाईल, पुढे जायचं का?

मी शाळेत शिकवते. कुठलीही सूचना पूर्णविरामापर्यंत वाचते. दिरांची सवय वेगळी. प्रत्येक लग्नाआधी कॅमेऱ्यातलं कार्ड कोरं करायचं असतं. तेव्हा कॅमेराही असंच विचारतो, आणि मंडपात वाचत बसायला वेळ नसतो. मी 'पुसली'पर्यंत पोचले, तेव्हा त्यांचं बोट 'होय'वर पडून गेलं होतं.

"झालं वहिनी, एकदम नव्यासारखा!" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काहून? काय झालं?"

पुसलेली माहिती परत काढून देणाऱ्या अकोल्याच्या जाणकाराने डबा काही दिवस ठेवून परत दिला. म्हणाला, डिस्क तयार करताना यंत्राने एकही कोपरा सोडलेला नाही. काम मन लावून झालं होतं.

दीर माझ्याकडे बघेनात. मग एका रविवारी मोटारसायकल घेऊन दारात. "वहिनी, चला. किन्हीराजा गावचं एक लगन होतं. त्या लोकायनं दादाले सांगतलं होतं, गाणे टाकू नोका, वंदना ऐकू आली पायजे."

त्या घरच्या मावशींनी पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. बुद्धवंदना सुरू झाली. माझे पती सभ्य माणूस. वंदना संपेपर्यंत अवाक्षर बोलले नाहीत. मी टीव्हीजवळ सरकून बसले. वधूवरांनी हार घातले, टाळ्या वाजल्या, आणि अगदी जवळून आवाज आला : "मावशी, मधात येऊन राह्यल्या तुमी. बाजूले व्हा जरा."

"थे मीच होय," मावशी हसल्या. "भल्ले चिडले होते मायावर."

मी पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. मावशींनी चहा टाकला.

कॉपी करून घ्यायला दिरांनी पेन ड्राइव्ह सोबत आणलेल्या लॅपटॉपला लावला. पडद्यावर कसलीतरी विचारणा आली. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.

"वहिनी, तुमीच वाचा," ते म्हणाले. "पुरं वाचा."