चारी बाजूंनी सारखा समास

दुधाच्या पिशवीवरची तारीख मी रोज चष्मा लावून वाचतो. रोज तोच दूधवाला, तीच पिशवी, तरी वाचतो. घरचे हसतात. हसू देत. पस्तीस वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात मी मुद्रितं तपासली आणि पानं लावली. त्या धंद्यात विश्वास ठेवला की दुसऱ्या दिवशी चूक छापून येते, आणि शिव्या तपासणाऱ्याला बसतात. त्यामुळे लालबागच्या आमच्या चाळीचा सेक्रेटरी एका सकाळी पेनड्राइव्ह घेऊन माझ्या दारात उभा राहिला, तेव्हा मी आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मग पेनड्राइव्हकडे.

सेक्रेटरी आणि मी एका वर्गातले, एकाच मजल्यावरचे. लहानपणी एकमेकांची डोकी फोडलेली. चाळ पुनर्विकासाला जाणार, उन्हाळ्याआधी सगळ्यांनी खोल्या सोडायच्या, म्हणजे सव्वीस जानेवारीची सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा ही शेवटची. म्हणून जुने फोटो फ्रेम करून गॅलरीत लावायचे असं कमिटीने ठरवलं होतं. अल्बम गोळा करून फोटो स्कॅन करायचं काम सेक्रेटरीने केलं. मला फक्त त्यांना पांढरी चौकट लावायची होती.

"सगळ्यांना सेम बॉर्डर पाहिजे हां," तो म्हणाला. "एक जाड, एक बारीक असं नको. फ्रेमवाला दादरचा आहे, सगळ्या एका साइजच्या सांगितल्यात."

"मला शिकवतोस?"

"शिकवत नाही रे. सांगतो. आणि काम झालं की पेनड्राइव्ह परत दे."

परत कशाला हवा, हा प्रश्न मला तेव्हाच पडला. कुठेतरी पाणी मुरत होतं.

फोटो साठ होते. मी आधी सगळे बघून घेतले. आमच्या चाळीत पूजा झाली की दर वर्षी एक सामूहिक फोटो निघायचा. खुर्च्यांवर कमिटी, मागे उभे बाप्ये, पुढे सतरंजीवर पोरं. बायका फोटोत नसत, त्या तेव्हा प्रसादाचे द्रोण भरत असत. पण एका फोटोत डाव्या कडेला, अगदी कागद संपतो तिथे, मला एक अर्धा चेहरा दिसला. एक डोळा, कुंकवाची अर्धी चिरी आणि शिऱ्याच्या पातेल्याच्या काठावर ठेवलेला हात. मी मोठा करून बघितलं. तळमजल्यावरची काकी.

काकी आमच्या चाळीतली सगळ्यांचीच काकी. मूळची मालवणकडची. नवरा गिरणीत होता, मूलबाळ नाही. पूजेचा शिरा वर्षानुवर्षं तीच करायची, सव्वाच्या मापाचा, केळं घालून, आणि तसा शिरा मी पुन्हा खाल्लेला नाही. मग तिचा नवरा गेला. पुढच्या पूजेच्या आधी सेक्रेटरीच्या आईने विषय काढला की नैवेद्याला विधवेचा हात नको. कमिटीत कुणी विरोध केला नाही. निरोप खाली गेला. त्यानंतर काकी पूजेला कधी वर आली नाही. प्रसाद खाली पाठवला तर घ्यायची, पण जिना चढली नाही.

मी त्याच दिवशी खाली जाऊन तिला फोटोचं सांगितलं. आता ती ऐंशीच्या घरात आहे. तांदूळ निवडत होती, हात थांबला.

"खराच? माझो फोटो?"

तिच्याकडे स्वतःचा एकही फोटो नव्हता. रेशनकार्डावरचा आणि आधारचा तेवढा, आणि तो बघून तीच घाबरायची. लग्नात फोटो काढलाच नव्हता. "कुंकवासकट आसंय मी?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "मगे येतंय बघूक," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी ती वर येणार होती, आणि तेही त्या फोटोसाठी. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मी कामाला लागलो. समास हा माझा जिव्हाळ्याचा विषय. पान कितीही चांगलं असो, समास वाकडा गेला की माझं डोकं उठतं. संगणकावर मी एका फोटोला चौकट लावून बघितली, माप ठरवलं, आणि तीच कृती बाकी सगळ्यांवर एकदम चालवण्याची सोय असते ती वापरली. दोन मिनिटांत साठ फोटो. माझा त्या यंत्रावरही विश्वास नव्हता, म्हणून पडद्यावर प्लॅस्टिकची फूटपट्टी लावून एकेक चौकट मोजली. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. केसभर फरक नव्हता. त्याच नावांनी फायली सेव्ह केल्या, पेनड्राइव्ह परत दिला आणि छाती फुगवून चहा प्यायलो.

पूजेच्या आदल्या दिवशी सकाळी फ्रेमा आल्या. सेक्रेटरी आणि कमिटीतले तिघेचौघे गॅलरीत खिळे ठोकत होते. मी सरळ तो फोटो शोधला. कमिटी होती, सतरंजीवरची पोरं होती, पातेल्याचा काठही होता. काठावरचा हात नव्हता. अर्धा चेहरा नव्हता. तिथे पांढरं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं जुळलं. त्याची आई, तो निरोप, पेनड्राइव्ह परत हवा असल्याची घाई, छापायला स्वतःच घेऊन जाणं. आईने शिऱ्यातून काढली, पोराने फोटोतून.

"काढलीस ना तिला?" मी सगळ्यांसमोर ओरडलो.

"कुणाला?"

"साळसूदपणा नको. काकीला. आईचं अर्धं राहिलेलं काम पुरं केलंस."

त्याच्या हातातली हातोडी तशीच राहिली. त्याची आई जाऊन दहा वर्षं झाली होती, हे मला बोलून झाल्यावर आठवलं. तो घरात गेला, लॅपटॉप आणला, मी परत दिलेला पेनड्राइव्ह लावला आणि फाईल उघडली. मी दिलेली. त्यातही काकी नव्हती.

"बॉर्डर तू फोटोच्या बाहेर नाही लावलीस," तो म्हणाला. "आतून लावलीस. वरून पांढरी पट्टी मारलीस चारी बाजूंना. सगळ्या फोटोंच्या कडा गेल्यात. हे बघ, इथे पोरांचे पाय नाहीत. इथे कंदील नाही."

मी बघितलं. साठही फोटो मी फूटपट्टीने मोजले होते, आणि मोजताना फोटो बघितलाच नव्हता. फक्त समास बघितले. छापखान्यात पानाला मजकुराच्या बाहेर समास ठेवतात, हे ज्याला झोपेत सांगता येईल त्याने मजकुरावरच समास ओढला होता. शिवाय त्याच नावांनी सेव्ह करून मूळ स्कॅन पुसून टाकले होते. तो अल्बम वाळवीने खाल्लेला, स्कॅन झाल्यावर कचऱ्यात गेला होता. काकी उद्या वर येणार होती.

"ओरिजिनल आहेत माझ्याकडे," सेक्रेटरी म्हणाला. "तुला द्यायच्या आधीच कॉपी मारून ठेवली होती."

"का?"

"तू काहीतरी घोळ घालणार, माहीत होतं मला. चौथीपासून ओळखतो तुला."

त्याने माझ्यावर संशय घेतला म्हणून काकी वाचली. मी त्याची माफी मागितली, पण पुटपुटत. त्याने ऐकली की नाही ते कळलं नाही. दुपारी चिंचपोकळीला जाऊन मी तो एक फोटो नव्याने छापून आणला. चौकट बाहेरून कशी वाढवायची ते आता कळलं होतं, तरी लावली नाही. माझा माझ्यावरच भरवसा उरला नव्हता. फ्रेमही नको म्हटलं, फ्रेमची पट्टीसुद्धा कड खाते. एकोणसाठ फ्रेमा आणि मध्ये टेपने चिकटवलेला एक उघडा फोटो.

"हा एकच वेगळा दिसतोय," सेक्रेटरी म्हणाला.

"दिसू दे."

दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर काकी आली. एका हाताने कठडा धरत, दर चार पायऱ्यांवर थांबत. मी तिला फोटोपाशी नेलं. तिने चष्मा पुसला, परत पुसला, आणि नाक भिंतीला लागेल इतकी जवळ गेली. बराच वेळ बघत होती. मग स्वतःच्या त्या अर्ध्या कुंकवावर बोट ठेवलं.

"आसंय मा मी," ती म्हणाली. "माका वाटला, नसतलंय."

"असं का वाटलं, काकी?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. तांदळातला खडा बघावा तसं.

"शिरो करू नको म्हणान निरोप घेवन तूच इल्लंस. म्हणान वाटला, ह्याच्यातूनय तूच काढतलंस."

निरोप खाली गेला, असं मी मघाशी लिहिलं. तो आपोआप गेला नव्हता. तेव्हा मी चोविसाचा, कमिटीत नवा, आणि हे काम कुणाला नको होतं म्हणून मी पटकन उठलो होतो. काकी तेव्हा दारात रवा चाळत बसली होती. मी जिन्यावरूनच सांगितलं आणि तिचं उत्तर न ऐकता वर आलो.

तसं काही नाही काकी, असं म्हणायला मी तोंड उघडलं. सेक्रेटरी शेजारीच उभा होता. कालची सगळी हकिगत त्याला माहीत होती. तो द्रोणातल्या शिऱ्याकडे बघत राहिला.