दोन मिनिटांचा परीक्षक

माझ्या मुलीचं एक वाक्य मी अर्ध्यात तोडलं, त्याला आता दीड वर्ष होत आलं. वाक्य इंग्रजीत होतं, आणि माझं इंग्रजी म्हणजे 'वरील विषयास अनुसरून' एवढंच न अडखळता लिहिणाऱ्या सरकारी कारकुनाचं. तरी ते वाक्य मला चांगलं कळलं होतं. म्हणूनच तर तोडलं.

तिला बी. फार्मसीनंतर पुढे शिकायला आयर्लंडला जायचं होतं. तिकडच्या विद्यापीठाला आधी इंग्रजीच्या परीक्षेचे मार्क लागतात. वाचणं, लिहिणं, ऐकणं तिने नांदेडातच, भाग्यनगरच्या एका क्लासला जाऊन जमवलं. अडलं ते बोलण्यापाशी. परीक्षक समोर बसतो, विषयाची एक चिठ्ठी देतो. एक मिनिट विचार करायचा आणि दोन मिनिटं बोलायचं. घरात आम्ही बापलेक दोघंच. त्यामुळे परीक्षक कोण, हा प्रश्नच नव्हता.

मी मूळचा लातूरचा. पाठ झाल्याशिवाय एखादी गोष्ट आली असं आमच्याकडे कुणी धरत नाही. मी दोनशे पानी वही आणली. आवडतं ठिकाण, आवडता सण, आवडते शिक्षक अशी चाळीस उत्तरं लिहिली, कचेरीतल्या साहेबांकडून दुरुस्त करून घेतली आणि तिच्याकडून घोकून घेतली. माहूरचं उत्तर तर इतकं पक्कं झालं की भेंडी चिरतानाही तिचं 'माहूर इज सिच्युएटेड' चालूच. एकदा लातूरहून माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला होता, तिने ते मागून ऐकलं.

"काय बडबडायलीय रे ती?"

"परीक्षेचा सराव, अक्का."

"लेकराचा पोपट करायलास तू. आधी एकदा केलास, तेवढं बस की."

मी तिला पावसाचं विचारलं.

क्लासच्या मॅडमनी सराव परीक्षा घेतली आणि माझी चाळीस उत्तरं एका झटक्यात निकालात काढली. पाठ केलेलं दुसऱ्या वाक्याला ओळखू येतं म्हणे, आणि मार्क जातात. खरं घडलेलं बोल, म्हणाल्या. घरी जो सराव घेईल त्याने चेहरा कोरा ठेवायचा आणि दोन मिनिटं झाली की थांबवायचं, वाक्य अर्धं असलं तरी.

वही माळ्यावर गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला मी लुंगी-बनियनवर जेवणाच्या टेबलाशी बसलो.

"पप्पा, पँट घाला."

"कामून? टेबलाखाली कोणाला दिसायलीय?"

"मला माहीत असतं ना. लुंगीतला परीक्षक बघितला की माझं इंग्रजी पळून जातं."

मी पँट घातली, वर इस्त्रीचा शर्ट. मग पुढची कलमं आली. हसायचं नाही, मान हलवायची नाही, 'शाब्बास' म्हणायचं नाही.

"मग बाप कशाला पाहिजे? फ्रिजसमोर बस की."

"फ्रिजला 'थँक यू' म्हणता येत नाही."

तर असा मी फ्रिजपेक्षा थोडा वरच्या दर्जाचा परीक्षक झालो. मोबाइलवर दोन मिनिटांचा अलार्म लावायचा, तो वाजला की 'थँक यू' म्हणायचं आणि मॅडमनी दिलेल्या कागदावरचा पुढचा प्रश्न वाचायचा. हळूहळू ती खरं बोलायला लागली. मराठीत जे कधी सांगितलं नव्हतं, ते इंग्रजीत यायला लागलं. लातूरच्या होस्टेलात पहिला आठवडा ती नळ सोडून रडायची, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. आत्याच्या डब्यातली तिळाची चटणी ती मैत्रिणींपासून लपवून ठेवायची, कारण तिला घराचा वास यायचा. मी चेहरा कोरा ठेवून 'थँक यू' म्हणत होतो. नंतर पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात जात होतो.

होस्टेलचं सांगायला हवं. अकरावी-बारावीला तिला लातूरला मीच ठेवलं. इकडची निम्मी पोरं तिथेच जातात, सकाळ-संध्याकाळ पेपर सोडवतात, डॉक्टर होतात. बारावीच्या सराव परीक्षा चालू असताना तिच्या आईची किडनी बसत चालली होती. मी लेकीला कळू दिलं नाही. अक्कालाही शपथ घातली. 'आई बरी आहे, तू पेपरकडे लक्ष दे,' हे माझं त्या दिवसांतलं पाठ केलेलं उत्तर. शेवटचा फोन मी दवाखान्यातूनच केला. तिने आईला द्या म्हटलं. आईने खाटेवरून हात पुढे केला, म्हणाली, "द्या की मला, एकदाच." मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणालो, आई झोपलीय. उद्या पेपर होता, आईचा आवाज ऐकून पोरगी बिथरली असती. दुसऱ्या दिवशी पेपर व्हायच्या आत आई गेली. अक्काने लेकीला गाडीत घालून आणलं, तेव्हा तिच्या हातात पेपर लिहायचं पॅड होतं. डॉक्टरकीचे मार्कही पुढे पडले नाहीतच.

यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही. वर्षश्राद्धं झाली, चार वर्षांचं कॉलेज झालं.

परीक्षेसाठी हैदराबादला निघायच्या दोन दिवस आधी मी मॅडमनी दिलेल्या विषयांच्या गठ्ठ्यातली चिठ्ठी उचलली. विषय होता, 'तुम्हाला आठवणारा एक फोन'. मी तो मोठ्याने वाचून मोकळा झालो, कळलं नंतर. तिने मिनिटभर टेबलाकडे बघितलं. मग सुरू केलं. ती इंग्रजीत बोलली, मी माझ्या भाषेत लिहितो. मी लातूरला होते. संध्याकाळ होती. होस्टेलच्या जिन्यावर रेंज यायची, म्हणून मी जिन्यात उभी होते. वडिलांचा फोन आला. मी म्हटलं, आईला द्या. वडील म्हणाले, आई झोपलीय. पण त्यांच्या मागून मला ऐकू आलं...

अलार्म वाजला.

खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं झालं. "थँक यू," मी म्हणालो, आणि कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला. तुमच्या देशात लोकांना फोनवर बोलायला आवडतं की मेसेज पाठवायला?

ती माझ्याकडे बघत राहिली. मी चेहरा कोरा ठेवला. इतक्या दिवसांत तेवढं शिकलो होतो. मग तिने त्या प्रश्नाचं उत्तर दिलं, कुठेही न अडखळता.

परीक्षेत तिला बोलण्याला सगळ्यात जास्त मार्क पडले. मी कचेरीत पेढे वाटले.

आता ती तिकडे आहे. रविवारी व्हिडिओ कॉल करते. मधल्या एका रविवारी धीर केला. ती चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात असतेच. म्हटलं, "बाई, तो एक विषय राहिला होता आपला. फोनचा. आता अलार्म नाही लावत."

स्क्रीनवरचा तिचा चेहरा हलेना. मला वाटलं नेट गेलं.

"पप्पा, पँट घातलीय का तुम्ही?"

"नाही ग."

"मग कसले परीक्षक तुम्ही," ती म्हणाली आणि हसली. हसताना तिने तोंड बाजूला वळवलं. मग म्हणाली, कामाची वेळ झाली, ठेवते.

त्यानंतर मी दर रविवारी पँट घालून बसतो. अर्धा तास आधीपासूनच. कॅमेऱ्यात मी छातीपर्यंतच दिसतो, खालचं तिला दिसत नाही. ती तिकडच्या थंडीचं सांगते, मी इकडच्या लाइटचं सांगतो, आणि ती जरा थांबली की मीही थांबतो.