सिनेमाच्या वहीतला सोबतीचा रकाना

त्या वर्षी मी सिनेमे पाहिले थोडे आणि लिहिले फार. सिनेमा अडीच-तीन तासांत संपायचा, पण तो वहीत उतरवायला मला दोन-दोन दिवस लागत आणि वाचून दाखवण्यात रविवारची अख्खी सकाळ जाई. हल्ली कोणी हौसेनं अशी वही ठेवतो असं म्हणालं की मी त्याच्याकडे बघत राहते. मी हौसेनं ठेवली नव्हती.

आमचा वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि आमचं घर व्रतात होतं. बाबा चरखा नि हातकामातून शिकवणाऱ्या बुनियादी शाळेत मास्तर. स्वतः कातलेल्या सुताचेच कपडे घालायचे, पहाटे चारला उठायचे आणि घरातसुद्धा सभेतली मराठी बोलायचे. आमच्याकडे शिक्षा नसे, प्रयोग असत. एक महिना अळणी जेवणाचा प्रयोग, एक महिना कच्च्या भाज्यांचा, डोकं दुखलं तर पोटावर मातीची पट्टी. शेजारच्या मुलींना घरून दोन शिव्या बसल्या की त्यांचं प्रकरण मिटायचं. आमचं महिनोन्‌महिने चालायचं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मी एका मैत्रिणीबरोबर चोरून सिनेमाला गेले, आणि शेजारच्या काकूंनी दिवेलागणीच्या आत ती बातमी आमच्या घरी पोचती केली. बाबा रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून कोरी वही काढली, पट्टी घेऊन रेघा मारल्या आणि पाच रकाने पाडले. तारीख. वेळ. सोबत कोण. काय पाहिलं. काय मिळालं.

"वर्षभर हवे तेवढे सिनेमे बघ," ते म्हणाले. "मी अडवणार नाही. मात्र प्रत्येक सिनेमा खरा-खरा लिहायचा, दर रविवारी प्रार्थनेनंतर वाचून दाखवायचा आणि प्रत्येकामागे एक गुंडी सूत कातायचं. वर्ष संपलं की वही तुझी तूच वाच. काही मिळालं असं वाटलं तर पुढेही जा. नाही तर आपणहून सोड."

गुंडी म्हणजे सहाशे चाळीस तार. माझ्या हातानं एका गुंडीला सिनेमापेक्षा जास्त वेळ लागे, कारण माझा धागा सारखा तुटायचा. शिवाय सिनेमाचं नाव लिहायचं नाही, नटनट्यांचंही नाही, कारण ती फुकटची जाहिरात. त्यामुळे वहीत नुसता क्रमांक एक, क्रमांक दोन. आज ती वही उघडली तर क्रमांक सात म्हणजे कोणता सिनेमा हे माझं मलाच सांगता येत नाही. इतका सगळा खटाटोप करून हे फळ!

सगळ्यात वाईट रकाना शेवटचा. क्रमांक एकपुढे मी लिहिलं, 'संकटात धीर सोडू नये.'

"हे तुला आधी माहीत नव्हतं का?" बाबांनी विचारलं.

"होतं."

"मग सिनेमानं काय दिलं?"

क्रमांक दोनपुढे मी लिहिलं, 'खोटं कधी ना कधी उघडं पडतं.' बाबा म्हणाले, "हे तुला गेल्याच महिन्यात कळलं होतं." आणि हसलेही नाहीत. क्रमांक चार लढाईचा होता. तोवर माझं डोकं इतकं फिरलं होतं की मी लिहून मोकळी झाले, 'पोटात तलवार गेल्यावरही माणूस पूर्ण गाणं म्हणू शकतो.' बाबांनी समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं, 'उपहास हीसुद्धा हिंसाच.' क्रमांक सहाच्या वेळी नागपूरहून आलेल्या पेट्यांत एक रीळच नव्हतं. नायक तुरुंगात होता तो एकदम मांडवात बसलेला दिसला. थेटरात लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि गप्प बसले. बाबा मात्र अर्धा तास गप्प बसले नाहीत. त्याची शिक्षा संपली कशी, तो निर्दोष ठरला का, पश्चात्ताप झाला का? ते रीळ मीच पदराआड लपवून ठेवल्यासारखी माझी उलटतपासणी चालली होती.

आई हे सगळं ऐकत सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली असायची. बाबांसमोर ती एक प्रश्न विचारत नसे. तिचे प्रश्न नंतर, स्वयंपाकघरात.

"मंग ते पोरगी काऊन वापस गेली?"

"तिचा बाप आजारी पडला म्हणून."

"तं तिच्या नवऱ्याले नाई सांगतलं? रडली तं कोनाजवळ रडली? सासूले दिसलं का नाई?"

बाबांना सिनेमातून बोध हवा होता आणि आईला सासूचा चेहरा. या दोघांच्या मध्ये माझं भरीत होत होतं. मी एकदा वैतागून म्हणाले, "मला नाही आठवत गं! तूच जाऊन बघ ना."

आई हातातला खडा बाजूला टाकत म्हणाली, "मंग ने ना मले एकडाव."

माझं लक्षच नव्हतं, मी जेवायला ताट पुढे ओढत होते. तिनं पुन्हा म्हटलं, "ने ना."

आईनं जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. तिचं माहेर अल्लीपूर. लहानपणी तिथे रात्रभर दंडार बघितली होती, ती नाचगाण्यांची सोंगं तिला अजून तोंडपाठ होती. पण लग्नानंतर वर्षभरातच बाबांनी नाटक-सिनेमा न पाहण्याचं व्रत घेतलं आणि त्यात तिलाही धरलं. "आम्ही सिनेमा पाहत नाही," असं ते आल्यागेल्याला सांगत. त्या 'आम्ही'मध्ये आई होती, तिला कोणी विचारलं नव्हतं.

"बाबांना विचारते," मी म्हणाले.

"त्याइले काय इचारून राह्यली? व्रत त्याइनं घेतलं. मी घेतलंच नाई."

"अगं पण वहीत 'सोबत कोण' असा रकाना आहे."

"तं नोको लिवू."

किती सोपं! आईला सगळं ठाऊक असून ती असं बोलत होती, याचाच मला राग आला. आमच्या घरात खोटं सापडलं की बाबा आमच्यावर ओरडत नसत, ते जेवण सोडत. चोरून सिनेमाला गेले तेव्हा विचारल्याबरोबर कबूल केलं म्हणून निभावलं होतं, पण दोन वर्षांपूर्वी मी मैत्रिणीची गुंडी माझी म्हणून दाखवली होती, तेव्हा बाबा तीन दिवस नुसत्या पाण्यावर होते. "चूक माझ्या शिकवण्याची आहे," असं म्हणून शांतपणे चरखा चालवत बसले होते. मी रडले, पाया पडले, काही उपयोग झाला नाही. आईला म्हणाले, तू तरी मला मार. ती चुलीपाशी बसून राहिली. ते तीन दिवस मला अजून नको वाटतात.

म्हणजे आईला सिनेमाला न्यायचं तर लिहिलं तरी पंचाईत, नाही लिहिलं तरी पंचाईत. मी महिनाभर टाळलं. आईनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. फक्त रविवारी वाचन झाल्यावर स्वयंपाकघरात तिचे प्रश्न बंद झाले. त्या प्रश्नांना मी इतकी कंटाळले होते, आणि ते थांबल्यावर मला भाकरी गोड लागेना.

शेवटी बाबा शाळेची मुलं घेऊन देवळीला तीन दिवसांच्या सफाई शिबिराला गेले. दुसऱ्या दिवशी मी आईला म्हटलं, "चल." तिनं हात धुतले, कुलूप लावलं, तीनदा ओढून पाहिलं आणि माझ्यापुढे चालायला लागली. दुपारचा खेळ होता. बायकांच्या भागात आम्ही बाकावर बसलो. देवळात शिरावं तशा तिनं चपला काढून बाकाखाली ठेवल्या, त्या पाच मिनिटांत कोणाच्या तरी पायानं पुढे सरकल्या, आणि मध्यंतरात मी चार बाकांखाली वाकून एक चप्पल शोधत होते. दुसरी खेळ संपल्यावर सापडली.

क्रमांक एकोणीस मी धड पाहिलाच नाही. आई सारखी माझ्या दंडाला धरून विचारत होती, हा कोन, थो कोन, थो खरंच मेला का. गोष्ट अशी होती की नायक मोठ्या कामासाठी घर सोडून जातो आणि त्याची बायको खिडकीत बसून तीन गाणी म्हणते. कितीतरी वर्षांनी तो परत येतो. गळ्यात हार आहेत, मागे लोक आहेत. तो बायकोला विचारतो, तू सुखात होतीस ना? ती मान खाली घालते आणि हळूच होकार देते. अख्ख्या थेटरात बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. आणि माझी आई, जिचा आवाज मी बैठकीच्या खोलीत कधी ऐकला नव्हता, ती बाकावरून अर्धी उठून ओरडली, "अवं, बोल ना व! तोंड देलं ना देवानं!"

आजूबाजूच्या बायका रडता रडता हसायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिला ओढून खाली बसवलं आणि घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही. तिला त्याचं काहीच नव्हतं. ती आपली रस्ताभर त्या नायिकेवर चिडलेली.

वही लिहायला बसले तेव्हा तारीख लिहिली, वेळ लिहिली. सोबत कोण? 'आई' लिहिलं तर ती पकडली जाणार. 'मैत्रीण' लिहिलं तर बाबांचा उपास. मी रकाना तसाच सोडून पुढची गोष्ट लिहून टाकली. रिकाम्या जागेला खोटं कसं म्हणतील, असं मला वाटलं.

रविवारी मी वाचलं. बाबांनी वही हातात घेतली.

"सोबत कोण होतं? रकाना रिकामा आहे."

"राहिला."

"राहिला की ठेवला?"

मागून सुपाचा आवाज चालू होता. तो न थांबवता आई म्हणाली, "मी होती सोबत."

बाबांनी वही मिटली. मग नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "वही खोटी झाली. आजपासून तीन दिवस मी जेवणार नाही. चूक माझ्या शिकवण्याची आहे."

त्या वाक्यानं माझ्या अंगाची आग झाली. मी मोठ्यानं म्हणाले, "बाबा, तुम्ही जेवा हो! मला उपाशी ठेवा, वही फाडा, काय वाटेल ते करा, पण जेवा!" ते चरख्याकडे वळले होते. मी रडत स्वयंपाकघरात गेले. आई वांगी चिरत होती.

दुपारी तिनं मला वाढलं. मग आपलं ताट वाढून घेतलं. भाकर, वांग्याची भाजी, वरण, कांदा. ते घेऊन ती स्वयंपाकघरात बसली नाही. बैठकीच्या खोलीत, बाबा कातत होते तिथे समोर भिंतीला टेकून बसली आणि जेवायला लागली. सावकाश, नीट चावून. बाबांचा धागा तुटला. त्यांनी तो जोडला, पुन्हा तुटला. मला वाटलं ही त्यांना चिडवते आहे. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी दुपारीही ती ताट घेऊन तिथेच येऊन बसली.

बाबांनी चरखा थांबवला. "तू जेवते आहेस," ते म्हणाले.

"हाव."

"जेव ना. मी नको म्हणत नाही. फक्त..."

"नवल वाटून राह्यलं तुमाले," आई म्हणाली. "एवढे उपास केले तुमी. एकाही उपासात मी जेवली नाई. घोटभर पानी पेली तं पेली. तवा नाई दिसली. आता जेवली तं दिसली."

"प्रत्येक उपासात?"

"हाव. पन या बारीला काऊन राहू उपाशी? मी गेली, इचारलं तवा सांगतलं. यात खोटं काय हाय?"

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुमी इचारलं नाई."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत असेल असं त्यांना वाटलं असावं. मला माहीत नव्हतं. मी तिच्या हातचं रोज खात होते, पडद्यावरच्या कोणत्या बाईनं किती अश्रू ढाळले ते पानं भरभरून लिहीत होते, आणि माझ्या खोट्यापायी माझी आई तीन दिवस चुलीपाशी उपाशी बसली होती हे मी पाहिलं नव्हतं. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नाही.

बाबा उठले. हात धुऊन आले आणि आईच्या समोर जमिनीवर बसले. "मलाही वाढ," ते म्हणाले.

आईनं ताट वाढून आणलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. खाली बघत विचारलं, "कसा होता?"

"काय?"

"सिनेमा."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. तिला थट्टा वाटली असावी. मग तिनं पदर सावरला आणि सांगायला सुरुवात केली. तिनं सगळा घोळ घातला. शेवट आधी सांगितला, नायकाच्या मित्राला त्याचा भाऊ केलं, मेलेल्या माणसाला जिवंत ठेवलं. मला राहवेना. मी म्हणाले, "अगं, तसं नाही, तो तर आधीच..."

बाबांनी हात वर करून मला थांबवलं. "तू गप्प बस," ते म्हणाले. "सांगू दे तिला."