लक्ष्मी पाडून पाहणारे काका

१० जुलै १९९५, सोमवार. सकाळपासून मी नमुन्याचं खोकं भरत होते. सहा लक्ष्म्या, प्रत्येकीला वर्तमानपत्राचे दोन फेरे, मधल्या फटींत भाताचा पेंढा, वर पुठ्ठा. चिकटपट्टी ओढून मी खोक्यावर थाप मारली आणि म्हटलं, आता हे दिल्लीपर्यंत गेलं तरी काही होणार नाही. दारात छत्री मिटत उभे असलेले काका म्हणाले, "आधी पडू दे. मग बोलू."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जावयाच्या नव्या स्कूटरबद्दलही ते हेच म्हणाले होते, आणि जावई महिनाभर त्यांच्याशी बोलला नव्हता.

काका तंजावुरात राजवाड्यामागच्या आमच्याच गल्लीतले, माझ्या सासऱ्यांचे मित्र. सासरे आता नाहीत. रेल्वेच्या तिरुचीच्या कचेरीत मालाच्या नुकसानभरपाईचे दावे तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. फुटलेल्या बरण्या, चेपलेले हंडे, मान मोडलेल्या वीणा त्यांच्या टेबलावर यायच्या, आणि माल नीट बांधला होता की नाही ते काकांनी सांगायचं. बहुतेक वेळा ते 'बांधणी अपुरी' एवढाच शेरा मारत. त्या दोन शब्दांपायी तंजावुरातल्या कितीतरी दुकानदारांनी त्यांना लग्नाला बोलावणं सोडलं होतं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्या प्रामाणिकपणाबद्दल कुणालाच शंका नसते आणि म्हणूनच तो कुणाला पंगतीला नको असतो.

मी मिरजेहून लग्न होऊन इथे आले. सासऱ्यांचा कागदी लगद्याच्या बाहुल्यांचा कारखाना त्यांच्यामागे माझ्या गळ्यात पडला, कारण नवऱ्याला सरकारी नोकरी होती आणि बाहुल्यांत रस नव्हता. कारखाना म्हणजे एक लांब पडवी, रंगवणाऱ्या काही बायका आणि बांधणीला एक माणूस. मोठ्या देवळासमोरच्या टपऱ्या आमचा माल घ्यायच्या. पण गेल्या दोन-तीन वर्षांत टपऱ्यांवर प्लास्टिकची, बॅटरीवर नाचणारी खेळणी आली आणि आमच्या बाहुल्या मागच्या फळीवर गेल्या. अशात मद्रासच्या एका नव्या, मोठ्या, वातानुकूलित दुकानाने आमच्याकडे लक्ष्मीच्या मूर्ती मागितल्या. नवरात्रात इथे घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात, त्यासाठी. ही ऑर्डर मिळाली तर पडवी चालणार होती, नाहीतर दिवाळीनंतर कुलूप. बायकांना मी हे न लपवता सांगितलं होतं.

दुकानाने टाइप केलेल्या अटी पाठवल्या. भरलेलं खोकं आधी हादरवायचं. त्यावर वजन रचून ठेवायचं. मग ठरलेल्या उंचीवरून दहा वेळा पाडायचं: एकदा कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर, मग सहाही बाजूंवर. मूर्तींबरोबर काउंटरवर मांडायला पुठ्ठ्याचा पायऱ्यांचा स्टँड जाणार होता. तोही एवढ्या प्रवासानंतर उघडला की न झुकता उभा राहायला हवा. आतलं काहीही मोडलं तर माल नापास. शेवटी त्यांचा अधिकारी येऊन स्वतः परीक्षा घेणार. मला वस्तू बांधता येत होत्या, पाडता येत नव्हत्या. म्हणून मी काकांना बोलावलं. कारखान्यात ते मला 'मॅडम' म्हणायचे आणि कॉफीच्या वेळी 'सूनबाई'.

दुसऱ्या दिवशी बांधणीवाल्याने माझं ते खोकं उचललं आणि काकांनी खूण करताच हसत सोडून दिलं. दहाही वेळा. काका माझ्या कानाशी म्हणाले, "मॅडम, इतक्या आनंदाने कुणी लक्ष्मी पाडत नाही. उघडा."

उघडलं तर आत तीन वाणी आणि तीन वाणिणी. कोलूत मांडतात त्या, पोट सुटलेल्या, मांडी घालून बसलेल्या, गोल गुळगुळीत बाहुल्या. एकीलाही ओरखडा नाही, सगळ्या आमच्याकडे बघून हसत होत्या. आदल्या संध्याकाळी बायकांनी लक्ष्म्या काढून यांना आत बसवलं होतं. त्यांची म्होरकी सरोजा, तिने मान खाली न घालता सांगितलं, अम्माला कशी पाडायची? फुटली तर पाप कुणाच्या डोक्यावर?

मी बोलायला तोंड उघडलं होतं. काकांनी हाताने थांबवलं आणि सरोजाला तमिळमध्ये विचारलं, मूर्तीत अम्मा येते कधी? सरोजा म्हणाली, डोळे रंगवल्यावर.

"मग परीक्षेच्या मूर्तींचे डोळे रंगवायचे राहू द्या," काका म्हणाले. "बाकी सगळं तेच. तोच लगदा, तेच वजन, तोच रंग."

असा तोडगा निघाला. पुढचे पंधरा-वीस दिवस आमच्या पडवीत बिनडोळ्यांच्या लक्ष्म्या पडत होत्या. मुकुट, नथ, चार हात, गुलाबी कमळ, सगळं जिथल्या तिथे आणि चेहरा कोरा. पहिल्यांदा बघणारा दचकायचा. बायका मात्र आता बिनघोर होत्या. कुणाचा हात तुटणार यावर त्या पैजाही लावायच्या.

मी सहसा कुणाने भारावून जात नाही. पण काका फुटलेलं खोकं उघडायचे तेव्हा मी हातातलं काम टाकून बघत उभी राहायचे. ते काही ओतायचे नाहीत. एकेक तुकडा बाहेर काढून, आत होता त्याच जागी जमिनीवर मांडायचे आणि मग बराच वेळ नुसते बघत बसायचे. एकदा असाच एक तुटका हात उचलून म्हणाले, "हा पडून मोडला नाही. शेजारणीच्या मुकुटाने मोडला." आम्ही मध्ये पुठ्ठ्याच्या भिंती घातल्या. मग पेंढा एका कुशीला सरकतो असं दिसलं, तो काढला. त्यांना मोडण्याचा राग नव्हता आणि दुःखही दिसत नव्हतं. वस्तू मोडली की ती त्यांना काहीतरी सांगते आहे, आणि मध्ये बोलणं बरं नाही, असा त्यांचा चेहरा असायचा.

हादरे द्यायचं यंत्र आमच्याकडे कुठलं? काका खोकं घेऊन ओरत्तनाडूच्या बसमध्ये, सगळ्यात मागच्या सीटवर बसायचे आणि त्याच बसने परत यायचे. त्या रस्त्याइतकं चांगलं यंत्र मद्रासमध्येही नाही, हे त्यांचं मत. एकदा मीही बरोबर गेले. पुढच्या सीटवर पितळी समयांचा एक व्यापारी होता. त्याने वळून बघितलं, ओळखलं आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाला की या साहेबांनी माझ्या समयांचा दावा फेटाळला होता, आणि आता बघा, म्हातारपणी स्वतःच खोकं मांडीवर घेऊन हिंडताहेत. बस हसली. काकांचा एक हात खोक्यावर होता, तो त्यांनी हलवला नाही. म्हणाले, "तुमच्या समया एकमेकींवर आपटत होत्या. बांधणी अपुरीच होती." मग तिरुचीला समया कशा गुंडाळून पाठवायच्या ते त्याला ओरत्तनाडू येईपर्यंत समजावलं. उतरताना व्यापाऱ्याने खोकं खाली घ्यायला हात लावला.

स्टँडचं दुकानाने पाठवलेलं चित्र चार पायऱ्यांचं होतं. बायका म्हणाल्या, कोलूच्या पायऱ्या विषमच लागतात. काका म्हणाले, पाच करा, वजनही वाटलं जाईल. मग तो स्टँड त्यांनी भात शिजत असलेल्या चुलीशेजारी दिवसभर वाफेत उभा केला, कारण मद्रासची हवा दमट. संध्याकाळी सगळ्यात वरची पायरी सुनेसारखी वाकली होती. आम्ही तिच्याखाली आणखी एक आडवी पट्टी घातली.

अधिकारी आला तो नेमका आडी महिन्यातल्या शुक्रवारी. आडी म्हणजे इथला देवीचा महिना, आणि त्यातले शुक्रवार म्हणजे बायकांना पाणी प्यायलाही सवड नाही. त्यात राहुकाळ चालू. तरुण, नम्र मुलगा होता. स्टँड बघितला, पसंत केला. मग रचलेल्या तयार मालातून त्याने एक खोकं स्वतः निवडलं. माझ्या लक्षात आलं की हा विकायचा माल आहे. आतल्या सहाही जणींना डोळे आहेत.

त्याने खोकं उचललं, थोडा वेळ धरलं आणि परत खाली ठेवलं. म्हणाला, आज घरी आईचा उपास आहे, तुमच्यापैकी कुणी पाडलं तर चालेल. बांधणीवाला चहाला गेल्याचं कळलं. बायका मागे विहिरीकडे निघून गेल्या होत्या. आणि मी पेन शोधत होते.

काकांनी चपला काढून भिंतीशी ठेवल्या. सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या. मला वाटलं आता ते एखादा श्लोक म्हणतील. ते अधिकाऱ्याला म्हणाले, "उंची मोजा."

आणि सोडलं. कोपरा, मग कडा, मग बाजू. प्रत्येक वेळी वाकून उचलायचे, फिरवायचे, हात स्थिर होईपर्यंत थांबायचे आणि सोडायचे. पडवीत दुसरा आवाज नव्हता. शेवटच्या दोन-तीन वेळी बायका मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

सहाही मूर्ती बाहेर आल्या. अधिकाऱ्याने एकेक फिरवून बघितली, सुटकेचा श्वास सोडला आणि पास लिहायला घेतलं. काकांनी सहावी मूर्ती उचलली, खिडकीकडे नेली, कमळावर नखाने टिचकी मारली. पुन्हा मारली.

"थांबा. कमळाला तडा आहे."

अधिकारी म्हणाला, रंगाची रेघ आहे सार, एवढं कोण बघतंय.

"तंजावुरात रेघ आहे. मद्रासला तडा होईल. गिऱ्हाइकाच्या घरी दोन तुकडे." काकांनी मूर्ती त्याच्यापुढे ठेवली. "लिहा. बांधणी अपुरी."

ती बांधणी त्यांची स्वतःची होती. पण आवाज तोच होता, बसमध्ये समयावाल्याशी बोलतानाचा. त्या क्षणी मला त्यांना छत्रीसकट रस्त्यावर काढावंसं वाटलं. सरोजाचा चेहरा पडला होता. सगळी पडवी त्या एका रेघेवर उभी होती आणि या माणसाने ती रेघ बोटाने दाखवली होती. अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी मूर्ती उचलून उजेडात धरली. तडा होता. त्याने नापास लिहिलं आणि म्हणाला, माझी गाडी उद्या दुपारची आहे, सकाळी येतो, शेवटचं.

तो गेल्यावर काका मूर्तीसमोर मांडी घालून बसले. बसलेली लक्ष्मी, सगळा भार कमळात. तिला खोक्याच्या तळावर बसवलीत तर प्रत्येक धक्का आधी कमळच खाणार, ते म्हणाले. तिला बसवू नका, टांगा. पुठ्ठ्याला भोक पाडून कंबरेशी अडकेल असा पट्टा करायचा, म्हणजे कमळ तळापासून दोन बोटं वर राहतं. दिवेलागणीपर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून रचलेली सगळी खोकी उघडली, पट्टे कापले, पुन्हा भरली. शुक्रवारच्या पूजेचा विषय कुणी काढला नाही.

निघताना काकांनी तडा गेलेली मूर्ती मागितली. मी म्हटलं, राहू द्या, लगदा भरून देते, टपरीवर जाईल.

"डोळे उघडलेत तिचे, सूनबाई," ते म्हणाले, आणि तिला स्वतःच्या अंगवस्त्रात गुंडाळून घेऊन गेले.

सकाळी अधिकारी वेळेवर आला. काका आले नाहीत. त्यांच्याऐवजी काकू दारात आल्या. म्हणाल्या, पहाटेच्या बसने तिरुवैयारूला गेलेत, मूर्ती कावेरीत सोडायला. काल दुपारपासून तोंडात पाण्याचा थेंब नाही. मी काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांनी फोडलेलं बघत आले गं. त्यांच्या हातून कधी काही फुटलं नव्हतं."

त्यांच्या त्या शांत चेहऱ्यामागे काय चाललेलं असायचं, याचा मी इतके दिवस विचारच केला नव्हता. आम्ही सगळ्यांनी मिळून जे टाळलं ते त्यांनी काही न बोलता अंगावर घेतलं होतं, आणि फेडायला एकटे गेले होते. निघताना माझ्यासाठी निरोप ठेवला होता: "खोकं पडायला माझी गरज नाही."

अधिकाऱ्याने खोकं निवडलं आणि दाराकडे बघितलं. बायकाही दाराकडेच बघत होत्या. मी पदर खोचला आणि खोकं उचललं. वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं.

त्यातल्या सहाही लक्ष्म्या शाबूत निघाल्या आणि ऑर्डर आम्हाला मिळाली. त्याचं श्रेय मी घेत नाही. मी फक्त हात सोडले. पहिल्यांदा, कोपऱ्यावर सोडताना, डोळे मिटून घेतले होते. नंतरच्या नऊ वेळा उघडे ठेवले.