माझ्या नाकाला आलेलं मिंट

काय सांगू, माझ्याच नाकाने माझी कशी नाचक्की केली! ऐकाच.

दोन हजार पाचची गोष्ट. मी नॉटिंगहॅमला होतो आणि नुकताच घरी बिअर करायला लागलो होतो. दोन बादल्या बिअर काय जमली, मी स्वतःला तज्ज्ञच समजायला लागलो! माझा मित्र मंदार मला त्याच्या होम-ब्रू क्लबात घेऊन गेला. त्या दिवशी हॉप्सची तुलना होती. हॉप्स म्हणजे बिअरला सुवास देणारी हिरवी, वाळकी फुलं. तळहातावर घ्यायची, खसाखसा चोळायची आणि नाक खुपसून हुंगायची.

मी इंटरनेटवरून चार पानांची प्रिंट काढून पाठच करून गेलेलो. हॉप्सच्या जाती आणि त्यांचे वास: फगलला मातीचा, गोल्डिंगला मधाचा, कॅस्केडला ग्रेपफ्रूटचा.

पहिला फगल चोळला. माती कुठली? नाक थंडगार!

"मिंट!" मी ओरडलो. "याच्यात मिंट आहे!"

गोल्डिंग चोळला. मिंट! कॅस्केड? डबल मिंट!

"काहीतरीच काय!" मंदार म्हणाला. मी तळहात त्याच्या नाकाखाली धरला. "अरे, खरंच की!"

झालं! सगळी मंडळी माझा हात हुंगायला रांगेत उभी. आणि मी? निलगिरी काय, कापूर काय, एकेक छटा समजावून सांगतोय!

क्लबातले सगळ्यात जुने मेंबर, रॉन आजोबा, मात्र कोपऱ्यात पुन्हा पुन्हा फगल चोळत होते. चेहरा एवढासा झालेला.

"चाळीस वर्षं बिअर करतोय," ते हळूच म्हणाले. "मला नुसता मातीचाच वास येतोय. नाक गेलं बहुतेक माझं. सोडून द्यावं आता हे सगळं."

मला फार वाईट वाटलं हो! त्यांची समजूत काढता काढता मी सहज डोळा चोळला.

आई गं! आग! डोळ्यांतून धारा! लोकांना वाटलं, रॉनसाठी रडतोय. एका बाईंनी टिश्यूसुद्धा दिला.

रॉननी माझा हात धरला, हुंगला आणि एकदम खुलले. "अरे, हा तर बाम! माझी बायको गुडघ्यांना लावते!"

तेव्हा मला आठवलं. पुण्याहून आलेल्या माझ्या आईचे गुडघे चोळून मी तसाच धावत सुटलो होतो. ती मागून "हात धू रे!" म्हणून ओरडत होती!

पुढच्या मीटिंगला मला क्लबाने काम दिलं, ग्लास विसळायचं.

"एवढा विश्वास?" मी विचारलं.

"छे!" रॉन म्हणाले. "तेवढेच तुझे हात धुतले जातील."