मृगाजिनाचा पट्टा

वामनभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. बदनापूरच्या स्टेशनात ते मालबाबू होते. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने जालन्याला आमच्याकडे यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे. त्यांची बायको लग्नानंतर तिसऱ्या वर्षी बाळंतपणात गेली, पुन्हा लग्न त्यांनी केलं नाही. गेल्या मार्गशीर्षात चार दिवसांच्या तापाने ते गेले. लोक त्यांना सरळमार्गी, थोडा विक्षिप्त माणूस म्हणून ओळखत. विक्षिप्त अशासाठी, की त्यांना कातडीकामाचा नाद होता.

तो नाद लागला त्यांच्या दप्तराच्या पिशवीचा पट्टा तुटला म्हणून. स्टेशनाबाहेर लिंबाखाली कचरू चांभार बसायचा. त्याच्याकडे पिशवी दिली आणि भाऊजी समोर उकिडवे बसून बघत राहिले. पट्टा शिवून झाला तरी ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसले. मग मुंबईहून टपालाने हत्यारांची एक पेटी मागवली. आत मखमल, प्रत्येक हत्याराला वेगळी खाच. कचरूने ती पेटी उघडून बघितली आणि म्हणाला, "ह्याच्यात समदं हाय बाबू, फकस्त चांभार न्हाई."

हे भाऊजींनीच आम्हाला हसत सांगितलं होतं. त्या पेटीतली भोकं पाडायची एक आरी त्यांनी ठेवली, कारण तिचं टोक कचरूला पसंत पडलं. बाकीची पेटी कपाटावर गेली. कातडं कापायची रापी कचरूने त्यांना आपली जुनी दिली. नवी रापी हातात बसायला दोन वर्षं लागतात, म्हणाला. ती दगडावर कशी घासायची, सुताला मेण किती लावायचं, कुठल्या कामाला जनावराच्या पाठीचं कातडं आणि कुठल्याला पोटाकडचं, हे सगळं भाऊजी त्याच्याकडून शिकले. पोटाकडचं कातडं ताणतं, त्यावर भार टाकायचा नाही. पुडीचा विलायती रंग दिसायला देखणा, पण घामाने सुटतो आणि अंगाला लागतो. त्यापेक्षा डाळिंबाची साल उकळावी. काळ्यासाठी मडक्यात गूळपाणी, त्यात घोड्याच्या नालांचे गंजके खिळे, आठ दिवस झाकून ठेवायचं. ते पाणी बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्यावर फिरवलं की बघता बघता काळंभोर होतं. पण लगेच धुवायचं आणि तेल पाजायचं, नाहीतर तोच काळा रंग कातडं खातो.

चष्म्याची घरं, पंचांगाचं वेष्टण, आमच्या यांच्या कोर्टाच्या कागदांसाठी एक थैली. भाऊजी करायचे आणि संकोचाने पुढे ठेवायचे. माझ्या सासूबाई, द्वारकाबाई, त्या वस्तूंना हात लावत नसत. ती थैली खुंटीला बाहेरच टांगलेली असायची.

माझी तारा सहा वर्षांची असताना तिला ताप आला आणि तापाबरोबर डाव्या पायातला जीव गेला. पुढची चार वर्षं ती भिंत धरून, नाहीतर बसल्या बसल्या सरकत हिंडायची. मी तिला घरी शिकवत होते. पुण्याला कॉलेजात दोन वर्षं काढलेली, तेवढं मला येत होतं. पण तिला शाळा हवी होती. मुलींची शाळा एका अडत दुकानाच्या माडीवर भरायची. मुख्याध्यापिका भल्या होत्या, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की जिना चौदा पायऱ्यांचा आहे, मुलगी आपल्या पायांनी चढली तर जूनमध्ये नाव घालू, उचलून आणायची सोय नाही.

मुंबईच्या एका डॉक्टरांनी आम्हाला कागदावर एक चित्र काढून दिलं होतं. पायाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, खाली बूट, आणि घोट्यापाशी व गुडघ्यापाशी कातड्याचे रुंद पट्टे. गुडघ्याचा पट्टा मुख्य. तो गुडघा मागे धरून ठेवतो म्हणून पाय उभा राहतो. भाऊजींनी ते चित्र आठ दिवस जवळ ठेवलं आणि म्हणाले, "वहिनी, मी करतो. कचरू पाठीशी आहे."

लोखंड लोहाराने करून दिलं. माप भाऊजींनी दोऱ्याने घेतलं आणि दोरा कचरूकडे नेला. कचरू म्हणाला, पाय बघितल्याशिवाय कसं सांगू? पण त्याने आमच्या घरात येऊन मुलीच्या पायाला हात लावायचा हे तेव्हा कुणाच्या मनातही येण्यासारखं नव्हतं. त्याने दोऱ्यावरूनच सांगितलं की म्हशीचं कातडं घ्या, पाठीचं, चरबी पाजलेलं.

इथे अडलं. तारा दिवसभर घरात असायची. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा तीच लावायची, स्वयंपाकघरात माझ्याजवळ बसून भाजी निवडायची. म्हशीचं कातडं, त्यात चरबी. ते पायात असताना तिला ना देवघर ना स्वयंपाकघर. प्रत्येक उंबऱ्याशी काढायचं आणि पलीकडे पुन्हा सरपटायचं, तर मग बूट कशाला? तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी देवघरातून सासऱ्यांचं मृगाजिन आणून माझ्यासमोर ठेवलं. हरणाचं ते कातडं आजेसासऱ्यांपासूनचं, संध्येला बसायचं. सासरे गेल्यावर त्यावर कुणी बसलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "हे सोवळ्यात चालतं. ह्याचं कर म्हणावं. पोर घरभर हिंडू दे."

त्यांच्यापाशी याहून मोठं द्यायला काही नव्हतं. मला रडू आलं.

भाऊजी ते घेऊन बदनापूरला गेले. पुढच्या शनिवारी आले ते थेट मागच्या अंगणात माझ्याकडे. कचरूने मृगाजिनाचा कोपरा दुमडून बघितला होता. दुमडल्याजागी बारीक चिरा पडल्या आणि भुकटी गळली. मग त्याने वास घेतला आणि ते भाऊजींच्या मांडीवर परत ठेवलं. संध्येला बसायला ठीक आहे, म्हणाला, पण ह्याच्यात जीव राहिलेला नाही, ह्याच्यावर पोरीला उभी करू नका.

शाळेला अठरा दिवस उरले होते.

भाऊजी आवाज खाली आणून म्हणाले, "एक करता येईल. आत म्हशीचा पट्टा घालतो, वरून मृगाजिन शिवतो. बिलकुल दिसणार न्हाई."

"आणि सासूबाईंना कळलं तर?"

"कोण सांगणार? तुम्ही आणि मी."

मी त्या पट्ट्याचा विचार केला नाही. मी विचार केला तो सासूबाईंच्या तोंडाचा. एखाद्या दिवशी शिवण उसवेल, आतलं दिसेल. देवघरातलं मृगाजिन कापून त्याखाली म्हशीचं कातडं लपवलं, हे त्यांना कळलं तर ताराच्या पायातलं सगळंच निघेल आणि पुन्हा कधी चढणार नाही. शिवाय कचरू सगळ्याच कातड्याला नावं ठेवतो, असं मी मनाशी म्हटलं. मुलगी तरी केवढीशी, तिचं वजन ते काय.

"नुसत्या मृगाजिनाचंच करा," मी म्हणाले. "दुहेरी शिवा. तेल भरपूर पाजा."

"वहिनी, जुनं आहे हो ते."

"मी आई आहे तिची. मला भीती वाटत नसेल का? करा तुम्ही."

त्यांनी केलं. रापीने केस काढले, दुहेरी पट्टे शिवले, चार दिवस तिळाचं तेल पाजलं. केस काढल्यावर कातडं ठिपक्याठिपक्यांचं दिसायला लागलं. ताराला चित्रातल्यासारखे काळे पट्टे हवे होते, म्हणून त्यांनी हलका हात फिरवून काळा रंगही दिला.

घरात ती आठ दिवस चालली. चौकातून देवघरापर्यंत, देवघरातून ओसरीवर. सासूबाई तिच्यामागून पदर सावरत चालायच्या आणि ती वळली की दुसरीकडे बघायच्या. पहिल्यांदा दिवा लावायला ती उभी राहिली तेव्हा तिचा हात कोनाड्याच्या वर गेला, इतकी ती वाढली होती. आम्हाला कुणाला ते माहीतच नव्हतं.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी जिन्याच्या खाली उभी होते. बाईंनी बजावलं होतं की एकटीने चढायचं. तिने कठडा धरला आणि पायऱ्या मोजत चढू लागली. अकरा म्हणाली, आणि गुडघ्याचा पट्टा काळ्या रंगाच्या कडेने कागदासारखा फाटला. ती सगळा जिना खाली आली. मांडीचं हाड गुडघ्याच्या वर मोडलं होतं.

त्या संध्याकाळी हे, सासूबाई आणि भाऊजी पुढच्या खोलीत होते. डॉक्टर पाय बांधून गेले होते. यांनी तो फाटका पट्टा हातात घेतला, दुमडला, तो पुन्हा तुटला. मग यांनी विचारलं, कातडं इतकं जुनं झालंय हे कुणाच्याच लक्षात आलं नाही का? मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते.

भाऊजी म्हणाले, "कातडं चालेल असं मी ठरवलं. कचरूनं नको म्हटलं होतं. मी ऐकलं न्हाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी तांब्या खाली ठेवला आणि आत ताराकडे गेले. ती जागी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

तीन महिने ती फळकुटांत बांधलेली पडून होती. दसऱ्याच्या सुमारास भाऊजींनी दुसरा बूट आणला. म्हशीचं कातडं, पाठीचं, चरबी पाजलेलं, रंग न दिलेलं. पट्टा माझ्या हाताने वाकत नव्हता. या खेपेला सासूबाईंनी कातडं कशाचं हे विचारलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "घाल बाई, चाल." आधी विचारलं असतं तर कदाचित तेव्हाही त्या हेच म्हणाल्या असत्या. आम्ही विचारलंच नव्हतं.

पण तारा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "काकांच्या हातचं नको. त्यांना सांगितलेलं असून त्यांनी ऐकलं नाही."

भाऊजी सात शनिवार आले. बूट कापडी पिशवीत घेऊन तिच्या खाटेशी बसायचे, स्टेशनातल्या गमती सांगायचे, पिशवी तशीच परत न्यायचे. मला एकच वाक्य बोलायचं होतं. काकांनी ऐकलं होतं, मी नाही ऐकलं. तेवढ्याने तिने पाय पुढे केला असता. सोमवारी ठरवायची आणि शनिवारी तोंड उघडायचं नाही. सासूबाई होत्या, हे होते, आणि मुलगी आधीच त्या पायामुळे रडत होती. तिला धरायला मी तेवढी उरले आहे, मीही तिच्या मनातून उतरायला नको, असं मी स्वतःला सांगत होते. आठव्या शनिवारी भाऊजी रिकाम्या हाताने आले. तोपर्यंत तिचा गुडघा वाकून आखडला होता. पुढे त्या पायाने कधी जमीन घेतली नाही.

कातडीकाम त्यांनी सोडलं. हत्यारं कचरूला देऊन टाकली. लिंबाखाली मात्र जाऊन बसायचे. आमच्याकडे येणं महिन्याचं झालं, मग सणासुदीचं. मी वाढायला उभी राहिले की ते ताटाकडे बघत जेवायचे. रागाने नव्हे. मला अवघड वाटू नये म्हणून.

त्यांच्या तेराव्याला कचरू बदनापूरहून आला. सासूबाई जाऊन पाच वर्षं झाली होती, पण तो जुन्या सवयीने अंगणातच थांबला. मी बाहेर गेले. ओसरीवर तारा बसली होती, एकोणीस वर्षांची. कचरू भाऊजींबद्दल बोलत राहिला, की त्यांचा हात चांगला होता, जातीचे असते तर माझं दुकान उठवलं असतं. आणि मग तसंच सहज बोलून गेला, "ते हरणाचं कातडं बाबूला पसंतच नव्हतं. लई दुखी झाल्ते. म्हणे, घरचं म्हणनं हाय, काय करू. आत म्हशीचं घालतो म्हनून तुकडाबी घेऊन गेल्ते माझ्याकडून."

तो गेल्यावर ताराने विचारलं, घरचं म्हणजे कोण?

मी सांगितलं. अंगणातलं सगळं बोलणं, जसंच्या तसं. ती म्हणाली, "तेव्हा सांगितलं असतंस तर मी घातला असता."

तिने कचरूला परत बोलावून घेतलं. त्याला ओसरीवर चढवायला दोनदा सांगावं लागलं. त्याने पाय हातात घेतला, गुडघा दोन्ही तळव्यांत धरून हळूच दाबला, घोटा फिरवला. नऊ वर्षांपूर्वी त्याने जे मागितलं होतं ते आज झालं. मग पाय जपून खाली ठेवत म्हणाला, "गुडघा बसला, ताई. आता बूट शिवून दिला तर ती लबाडी व्हईल. कुबडीवर चाला. कुबडीला काखेत कातडं लागतं, ते मी देतो."

तिसऱ्या दिवशी तो कातड्याचे तीन तुकडे घेऊन आला. ताराने एकेक हातात घेतला, दुमडून उजेडात धरला, वास घेतला. मी दाराशी उभी होते. एक तुकडा तिने निवडून कचरूला दिला. मला काही विचारलं नाही.