शेपटीतली खाच

गेल्या वर्षी, नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात, बोईसरच्या माझ्या दुकानात कापलेले रेडियम स्टिकरचे दोन मासे गिऱ्हाइकाने नाकारले. कापणी स्वच्छ होती. माप बरोबर होतं. मासे दुसऱ्याचे होते.

मी आधी एका दैनिकाच्या फोटो विभागात होतो. आता फ्लेक्स, स्टिकर आणि रेडियम कटिंगचं काम करतो. गिऱ्हाईक होते घिवलीचे गजाननभाऊ. जुनी होडी मोडून त्यांनी नवी बांधली होती. जुनीच्या पुढच्या टोकाला त्यांच्या वडिलांनी हाताने रंगवलेला मासा होता. ती त्या घराची निशाणी. तोच मासा नव्या होडीच्या दोन्ही बाजूंना हवा होता. पौर्णिमेला होडी पहिल्यांदा पाण्यात लोटायची होती.

त्यांचा मुलगा नितीन एमआयडीसीत कामाला आहे. त्याने जुन्या होडीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. तो उपयोगाचा नव्हता.

फोटो म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. मोठा केला की ठिपकेच मोठे होतात. रेडियम कापणाऱ्या प्लॉटरच्या पात्याला ठिपके कळत नाहीत, त्याला रेघ लागते. रेघांनी बनलेल्या चित्राला व्हेक्टर म्हणतात. ते बोटभर असो की हातभर, कडा तशीच राहते. फोटोवरून व्हेक्टर काढता येतं, पण फोटोत कडा दिसायला हवी. हा फोटो जेपीजी होता. फाइल लहान व्हावी म्हणून जेपीजी बारीक तपशील टाकून देते. व्हॉट्सॲपने आणखी काढून टाकला होता.

"मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव," मी नितीनला सांगितलं.

आली ती पीएनजी. पीएनजी तपशील टाकून देत नाही. पण फोनचा कॅमेरा सहसा पीएनजी देत नाही.

"ही कशातून काढलीस?"

"ॲपमधून, काका. एआयने क्लीन केली. बघा ना, कसला कडक आलाय!"

"ॲप नसलेलं अंदाजाने भरतं. असलेलं पुसतंही. पीएनजी केली म्हणून गेलेलं परत येत नाही. घरी दाखव, मग सांग."

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "ओके हाय. कापा."

घरी दाखवलं नव्हतं, हे नंतर कळलं.

मासे न्यायला गजाननभाऊ आणि त्यांच्या पत्नी जमनावहिनी आले. वहिनींनी एक मासा टेबलावर पसरला.

"हा आमचा नाय. हा हरेश्वरचा."

हरेश्वर म्हणजे गजाननभाऊंचा चुलतभाऊ. दोन्ही घरांचा मासा एकच, आजोबांपासूनचा. जाळ्याच्या बोयांवरही, म्हणजे जाळं तरंगत ठेवणाऱ्या गोळ्यांवरही, तोच रंगवतात. पूर्वी बोये कोणाचे यावरून दोन घरांत भांडण झालं. तेव्हा गावाने ठरवून दिलं, की गजाननभाऊंच्या घराने आपल्या माशाच्या शेपटीत खाच ठेवायची. ॲपने ती खाच फोटोतला डाग समजून बुजवली होती.

"ह्यो लावून होडी लोटली तर तो म्हणल, बोये पण आमचेच," वहिनी म्हणाल्या. "परत गावाची बैठक बसवायची काय?"

बोये बघून मासा काढता आला असता. पण खाऱ्या पाण्याने त्यांचा रंग जातो आणि दरवर्षी होडीवरचा मासा बघूनच नवा मारतात. यंदाचे खरवडून ठेवले होते. मूळ फोटो नितीनने डिलीट केला होता. माझ्याकडच्या जेपीजीत शेपटीजवळ करडे ठिपके होते. ती खाच होती की जेपीजीचा फराटा, सांगता येत नव्हतं.

"खाच शेपटीच्या वरच्या पात्यात की खालच्या?" मी विचारलं.

"वर," गजाननभाऊ म्हणाले.

"खाली," वहिनी म्हणाल्या. "जन्म होडीवर गेला, नि खाच कुठं ते ठाऊक नाय?"

"मी होडीत असायचो. भायेरून तूच बघायचीस."

"म्हणून सांगते, खाली."

जुन्या होडीचं लाकूड मासळी सुकवायचा मांडव बांधायला हरेश्वरनेच घेतलं होतं. गजाननभाऊ फोन करायला तयार होईनात. वहिनींनी लावला, स्पीकरवर.

"माशाच्या फळीचा फोटो पाठव."

"कशाला?"

"पोराने खाच बुजवली."

पलीकडे हसू आलं. "म्हणजे तुमचा मासा माझ्यात आला?"

"म्हणून तर फोन केला."

"फोटो नको, वयनी. त्यात पण कायतरी पुसल. फळीच आणतो. कापली नाय अजून."

संध्याकाळी तो फळी घेऊन रिक्षाने आला. दोघा भावांनी ती आत आणली. मी शेजारी स्टीलची पट्टी ठेवून कॅमेऱ्याने समोरून फोटो काढला. सॉफ्टवेअरला आपोआप रेघ काढू दिली नाही, कडेवरून हाताने काढली. खाच खालच्या पात्यात होती. गजाननभाऊंनी तिच्यावरून बोट फिरवलं.

प्रिंट कागदावर काढून फळीवर ठेवली. जुळली. मग दोन मासे कापले, एक सुलटा, एक आरशातल्यासारखा, म्हणजे दोन्हींचं तोंड पुढे राहील. पौर्णिमेला होडी पाण्यात गेली.

फळी आणली त्या संध्याकाळी आधीचे दोन मासे काउंटरवर पडले होते. हरेश्वरने ते उचलले.

"हे कोणाला देणार?"

"कोणाला नाही."

"मग माझेच हायत."

ते आता त्याच्या होडीवर आहेत. फळी गजाननभाऊंच्या घरी आहे.